पाय कळत नाहीत, तरी जळतात : लेकीचा विषय चुकलाय का?

एका वडिलांचं पत्र आहे. सहा वर्षांपूर्वी मज्जारज्जूला इजा झाली, तेव्हापासून ते व्हीलचेअरवर आहेत. कंबरेखाली स्पर्श कळत नाही, पण रात्री तळपायांची आग आग होते. मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला याच दुखण्यावर संशोधन करायचंय. नातेवाईक म्हणतात, क्लिनिक टाक आणि मोकळी हो. वडील विचारतात, "ती हे माझ्यासाठी करतेय. मी बरा झालो नाही तर तिची वर्षं फुकट जातील का? आणि यात पोट भरतं का?" शेवटी जाता जाता एक ओळ : "हल्ली उजवा खांदाही धरतो, पण ते वयाचं असेल."

नमस्कार,

पोटाचं आधी सांगते, ते सोपं आहे. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीत जेमतेम भागतं, प्रकल्पाचं अनुदान संपतं, पुन्हा अर्ज करत बसावं लागतं. म्हणून तिने फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी चालू ठेवावी आणि आठवड्यातले एक-दोन दिवस रुग्ण बघावेत. त्याने पैशांची सोय होते, शिवाय रुग्णांपासून तुटलेला संशोधक या विषयात लवकर भरकटतो.

आता तुमचा खरा प्रश्न. पाय कळत नाहीत मग जळतात कसे, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलंय का? खालून येणारे निरोप तुटले की वरच्या चेतापेशी गप्प बसत नाहीत. त्या कारण नसताना पेटून उठतात आणि मेंदू ती आग पायांतच आहे असं समजतो. दुखणं खरं असतं, 'मनाचे खेळ' नसतात. मज्जारज्जूला इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना असं चेताजन्य, म्हणजे चेतासंस्थेच्या इजेतून येणारं, दुखणं असतं, त्यामुळे मुलीने निवडलेला विषय एका घरापुरता नाही.

पण पूर्ण बरं करणारा उपाय आज तरी हातात नाही, आणि हे तिने पहिल्या दिवसापासून पचवायला हवं. प्रीगाबालिन या औषधाची 2006 साली प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या : 137 रुग्ण, 12 आठवडे. दुखणं खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झालं, पण अनेकांना गुंगी आणि चक्कर आली. पुढे आणखी एक मोठी चाचणी झाली आणि 2012 मध्ये अमेरिकेत या दुखण्यासाठी औषधाला मान्यता मिळाली. शून्य ते दहाच्या मापावर सातचं पाच झालं, तर या क्षेत्रात ते यश धरतात. सातचं शून्य व्हावं म्हणून जी येते, ती दोन वर्षांत खचते. सातचं पाच कोणाचं झालं, कोणाचं नाही आणि का, याची जिला उत्सुकता वाटते ती टिकते. तुमची लेक यातली कोणती, हे मला पत्रावरून कळत नाही. तुम्हाला कळू शकतं.

त्यासाठी एक करा. तिला 2006 चा तो शोधनिबंध मिळवून वाचायला सांगा आणि रविवारी तुम्हाला समजावून सांगायला लावा. निष्कर्ष तर कोणीही सांगेल. रुग्ण कसे निवडले, मधेच किती जण सोडून गेले, गुंगी आली की रुग्णाला आपण खरी गोळी घेतोय हे कळून चुकत नाही का, असे प्रश्न ती स्वतःहून काढते का ते बघा. दुसरा प्रयोग तिला नक्की आवडेल. 2007 मध्ये पाच रुग्णांना आरशासमोर बसवलं. आरशात स्वतःचं वरचं अंग, त्याखाली पडद्यावर दुसऱ्याचे चालणारे पाय. आपणच चालतोय असं वाटलं आणि दुखणं उतरलं. तिचे डोळे चमकले तर छान, "पण पाचच जण?" असं ती म्हणाली तर मी जास्त खूश होईन.

डॉक्टर नसल्यामुळे आपलं इथे काय काम, अशी शंका तिला असेल तर ती काढून टाका. वेदनेच्या अभ्यासाला वळण देणारा 'गेट कंट्रोल' सिद्धांत (मज्जारज्जूत जणू एक दार असतं, ते वेदनेचे निरोप मेंदूकडे कमी-जास्त सोडतं) 1965 मध्ये दोघांनी मिळून मांडला. त्या दोघांपैकी रोनाल्ड मेलझॅक हे मानसशास्त्रज्ञ होते. याच मेलझॅकनी पुढे रुग्ण वेदनेसाठी वापरतात त्या शब्दांची प्रश्नावली बनवली. आपल्याकडे कळ, चमक, ठणका, सणक, भगभग, मुंग्या हे सगळं वेगवेगळं आहे, आणि रुग्ण नेमका कोणता शब्द वापरतो यावरून दुखण्याच्या जातीचा अंदाज येतो. नुसतं "किती दुखतं, दहापैकी सांगा" विचारून ते हाती लागत नाही. फिजिओथेरपिस्ट रुग्णाशेजारी सर्वांत जास्त वेळ असतो, त्यामुळे हे ऐकण्याची संधी तिला इतरांपेक्षा जास्त आहे. संख्याशास्त्र मात्र आत्तापासून शिकायला हवं. त्यातून सुटका नाही.

आणि एक अट माझ्याकडून : तिचा पहिला रुग्ण तुम्ही होऊ नका. रोज सकाळी लेकीने "आज किती?" विचारलं की तिला बरं वाटावं म्हणून तुम्ही आकडा कमी सांगणार. मग तो आकडाही बिघडतो आणि सकाळही.

राहिला खांदा. तो वयावर ढकलू नका. व्हीलचेअर ढकलून आणि पलंगावरून खुर्चीत अंग उचलून खांदे झिजतात. ते दुखणं पायांच्या आगीहून निराळं आहे आणि त्यावर पुष्कळ करता येतं. आधी डॉक्टरांना दाखवा. मग लेकीला तुम्ही खुर्चीत कसे उतरता ते बघायला सांगा. हात कुठे टेकता, खुर्ची किती जवळ घेता, एवढं बघायला तिला पीएच.डी. लागणार नाही.