पिण्याच्या पाण्याची तपासणी : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही नुकतेच विहीर असलेले घर घेतले. पाणी नितळ आहे, वास नाही आणि चवही गोड आहे. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी त्यांच्या विहिरीचे पाणी तपासून घेतले तेव्हा ते चांगले निघाले होते. तरीही आम्ही तपासणी करावी का? आणि करायचीच, तर ‘सगळ्या’ चाचण्या एकदमच करून घ्याव्यात का?

उत्तर : तपासणी अवश्य करावी. रंग, वास आणि चव यांवरून पाण्यातील लोह किंवा कुजलेला पालापाचोळा कळतो. पण ज्यांच्यामुळे माणूस खरोखर आजारी पडतो त्यांतल्या बहुतेक गोष्टी डोळ्यांना आणि जिभेला मुळीच कळत नाहीत. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला, तेव्हा तो भाग सोडून दूर राहायला गेलेली एक विधवा केवळ चव आवडते म्हणून त्याच पंपाचे पाणी मुद्दाम मागवून घेत असे, आणि त्याच साथीत तिचा मृत्यू झाला.

शेजाऱ्यांच्या अहवालावरही विसंबू नये. बांगलादेशात जंतूंपासून सुटका व्हावी म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि १९९० च्या दशकात त्यांतल्या पुष्कळ कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. मग एकेक कूपनलिका तपासून सुरक्षित असलेल्यांना हिरवा आणि धोक्याच्या असलेल्यांना लाल रंग देण्यात आला, तेव्हा एकाच वस्तीत, हाकेच्या अंतरावर, दोन्ही रंग दिसू लागले. जमिनीखालचे थर आणि विहिरीची खोली बदलली की पाणी बदलते.

राहिला ‘सगळ्या’ चाचण्यांचा प्रश्न. सर्व काही एका दमात सांगणारी चाचणी अस्तित्वात नाही. प्रयोगशाळेला जे शोधायला सांगावे तेवढेच ती शोधते. म्हणून प्रयोगशाळेत जाण्याआधी विहिरीभोवती एक फेरी मारावी आणि कागदावर टिपून ठेवावे : शौचालयाचा शोषखड्डा किती अंतरावर आहे, गोठा किंवा खत घातलेले शेत वरच्या अंगाला आहे का, कठड्याला चीर आहे का, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहत येते. हा कागद तपासनिसाला दाखवला की निम्मे काम होते. जिवाणूंची तपासणी, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या ई-कोलाय या जिवाणूचा शोध, प्रत्येक विहिरीच्या बाबतीत वर्षातून किमान एकदा आणि पूर येऊन गेल्यावर पुन्हा करावी. खतांतून पाण्यात झिरपणाऱ्या नायट्रेटचे प्रमाणही वर्षातून एकदा पाहावे. फ्लोराइड आणि आर्सेनिक खडकातून येतात व त्यांचे प्रमाण सहसा सावकाश बदलते, त्यामुळे सुरुवातीला एकदा नीट तपासून घेतले की पुढे काही वर्षांच्या अंतराने पाहिले तरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा फ्लोराइडसाठी लिटरला १.५ मिलीग्रॅम आणि आर्सेनिकसाठी लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे. कीटकनाशकांच्या चाचण्या महाग व गुंतागुंतीच्या असतात. तशी शंका घेण्याजोगे कारण असेल तरच त्या करून घ्याव्यात.

प्रश्न : घरी टीडीएस मीटर आणला आहे. तो १४० दाखवतो. म्हणजे पाणी पिण्यास योग्य आहे ना?

उत्तर : तसे म्हणता येत नाही. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. जिवाणू त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकचे घातक प्रमाण लिटरमागे मिलीग्रॅमच्या शंभराव्या भागात मोजले जाते. १४० च्या आकड्यात ते कोठेच उमटणार नाही. गाळणयंत्राचा पडदा काम करतो आहे की नाही हे पाहण्यासाठी मीटर जरूर वापरावा, पण सुरक्षिततेचा दाखला म्हणून वापरू नये.

प्रश्न : नळाचे पाणी आमच्या गच्चीवरील टाकीत साठते आणि तेथून स्वयंपाकघरात येते. प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीच्या तळाशी थोडे पांढरे कण दिसले, म्हणून ती आधी स्वच्छ धुऊन घेतली, काठोकाठ भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेऊन दिली. अहवालात एकूण कोलिफॉर्म १२ आणि ई-कोलाय ‘आढळले नाही’ असे आहे. याचा अर्थ काय लावावा?

उत्तर : या अहवालावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, असे मी आपणांस आग्रहाने सांगेन. तपासणीतल्या चुका प्रयोगशाळेत होतात त्याहून अधिक नळापाशीच होतात, आणि एकदा चुकलेला नमुना पुढे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

ते पांढरे कण म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट असणार. नळाच्या पाण्यातले क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहते. ते निष्प्रभ करून नमुना घेतल्या क्षणी पाणी जसे होते तसे टिकवणे हे त्या कणांचे काम. आपण बाटली धुतली तेव्हा ते वाहून गेले, शिवाय बाटलीचे निर्जंतुकपणही गेले. त्यामुळे खरोखर असलेले जंतू वाटेत मेले असण्याची आणि नसलेले जंतू हातावरून बाटलीत आले असण्याची, अशा दोन्ही शक्यता एकाच अहवालात मिसळल्या आहेत.

पुन्हा नमुना घेताना तोटीच्या टोकाची जाळी काढून ठेवावी, कारण तिच्यात साचलेला चिकट थर हाच जिवाणूंचा अड्डा असतो. तोटीचे तोंड स्पिरिटने पुसावे किंवा धातूचे असल्यास ज्योतीने शेकावे. मग पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे, धार मध्यम करावी आणि ती फवारू नये याकडे लक्ष ठेवावे. बाटलीचे झाकण उघडल्यावर ते खाली ठेवू नये. आतली बाजू खाली करून दोन बोटांत धरून ठेवावे आणि बाटलीच्या तोंडाला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. नमुना ढवळता यावा म्हणून वर बोटभर जागा रिकामी सोडावी. बाटलीवर वेळ लिहावी, बर्फाच्या पिशव्यांसह डब्यात ठेवावी आणि शक्यतो सहा तासांत, अगदी उशीर झाला तरी चोवीस तासांच्या आत, ती प्रयोगशाळेत पोहोचवावी.

आपल्या बाबतीत मी दोन नमुने घ्यायला सांगेन : एक टाकीत जाण्यापूर्वीच्या थेट नळाचा आणि दुसरा स्वयंपाकघरातला. पहिला निर्दोष आणि दुसरा दूषित निघाला, तर दोष टाकीत किंवा पुढच्या नळजोडणीत आहे हे नक्की होते. आकड्यांबद्दल सांगायचे तर, कोलिफॉर्म हा जिवाणूंचा मोठा गट मातीत आणि झाडपाल्यातही असतो; तो आढळला म्हणजे बाहेरून काहीतरी आत शिरण्याची वाट आहे, असे समजावे. ई-कोलाय मात्र माणसांच्या व जनावरांच्या विष्ठेतून येतो आणि पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये तो एकही असता कामा नये. हेही लक्षात असावे की काही विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनला ई-कोलायपेक्षा चिवटपणे तोंड देतात, म्हणून ई-कोलाय आढळला नाही तरी ते पाण्यात असू शकतात.

प्रश्न : आमच्या कूपनलिकेच्या पाण्यात एका प्रयोगशाळेने नायट्रेट ९ सांगितले, दुसरीने ४०. दोन्ही नमुने एकाच दिवशी घेतले होते. घरात दोन महिन्यांचे बाळ वरच्या दुधावर आहे. आम्ही पाणी दहा मिनिटे उकळून वापरतो. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : बहुधा दोघींवरही. नायट्रेट दोन पद्धतींनी लिहिले जाते : एकीत संपूर्ण नायट्रेटचे वजन देतात, दुसरीत त्यातील फक्त नायट्रोजनचे. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो. ९ गुणिले ४.४३ म्हणजे जवळजवळ ४०. पहिल्या अहवालात एककाच्या शेजारी ‘नायट्रोजन म्हणून’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे का ते पाहावे. कोणताही अहवाल वाचताना एकक पाहिल्याशिवाय आकड्याकडे पाहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेटसाठी ५० मिलीग्रॅम प्रति लिटर, म्हणजे नायट्रोजन म्हणून सुमारे ११ आहे. आपले पाणी मर्यादेच्या आत आहे, पण फारसे आत नाही, आणि माझी काळजी उकळण्याबद्दल आहे. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जसेच्या तसे राहते आणि पाणी वाफ होऊन उडाल्याने त्याचे प्रमाण वाढते. पातेल्यातले पाणी चौथ्या हिश्श्याने आटले तर ४० चे ५३ होतात. सहा महिन्यांच्या आतील बाळांच्या शरीरात जादा नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते आणि बाळाचे ओठ, नखे निळसर दिसू लागतात. तसे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. जंतूंसाठी पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर तीन मिनिटे द्यावीत. बाळाच्या दुधासाठी, शक्य असेल तर, कमी नायट्रेट असल्याचे तपासलेले दुसरे पाणी वापरावे, आणि पावसाळ्यानंतर ही चाचणी पुन्हा करावी, कारण खतांचा अंश पावसाबरोबरच खाली झिरपतो.

प्रश्न : घर फार जुने आहे आणि काही नळ शिशाचे असल्याचे ऐकतो. शिशाच्या तपासणीसाठीही पाणी आधी वाहू द्यायचे का?

उत्तर : नाही, येथे नियम उलटा आहे. शिसे नळातून आणि सांध्यांतून पाण्यात उतरते, त्यामुळे पाणी रात्रभर, किमान सहा तास, नळात थांबलेले असावे आणि पहाटे तोटी उघडताच येणारे पहिले पाणी घ्यावे. पाणी वाहू दिले तर ज्याचा शोध घ्यायचा तेच मोरीतून निघून जाईल. मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने शिशाचे निर्धोक प्रमाण असे काही ठरलेले नाही. अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी फक्त गार पाण्याचा नळ वापरावा, कारण गरम पाण्यात शिसे अधिक उतरते.

प्रश्न : विहिरीत ई-कोलाय निघाला म्हणून क्लोरीन टाकून विहीर निर्जंतुक केली. दोन दिवसांनी तपासणी केली, पाणी शुद्ध निघाले. तीन महिन्यांनी पुन्हा तोच दोष आला. क्लोरीन कमी पडले का?

उत्तर : क्लोरीन कमी पडले असे मला वाटत नाही. दोन दिवसांनी विहिरीत क्लोरीन शिल्लकच असणार, आणि ते असताना घेतलेला नमुना चांगलाच निघतो. निर्जंतुकीकरणानंतर क्लोरीनचा अंश पूर्ण गेल्याची खात्री साध्या चाचणीपट्टीने करून, साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी नमुना घ्यावा आणि त्यानंतर काही महिन्यांनी आणखी एक. पण क्लोरीन त्या दिवशीच्या पाण्यावर काम करते, वाटेवर नाही. जंतू पुन्हा आले याचा अर्थ त्यांची वाट उघडीच आहे. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन विहिरीपाशी उभे राहावे आणि आतल्या भिंतीकडे विजेरीचा झोत टाकून पाहावे. वरच्या काही हातांच्या बांधकामातून गढूळ पाण्याची एखादी बारीक धार आत उतरताना दिसली, तर गिलावा नेमका तेथे करायचा आहे.