लॉब्स्टर पास्ता घरी करायचाय? मग सॉस कवचांचा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन अख्खे लॉब्स्टर आणले, उकडून मांस काढलं, टोमॅटोच्या सॉसमध्ये वीसेक मिनिटं शिजवलं आणि निथळलेल्या पास्त्यावर ओतलं. मांस चामट झालं, सॉसला निव्वळ टोमॅटोची चव आली आणि ताटात खाली पाणी सुटलं. आता पुढच्या वेळी क्रीम घालू, चीज घालू, की लॉब्स्टरच मोठा आणू, असं तुम्ही विचारताय.

तिन्हीची गरज नाही. मांस काढून झाल्यावर कवचं कचऱ्यात टाकलीत ना? तुमचा सॉस त्यांच्याबरोबरच गेला. लॉब्स्टरचं मांस गोडसर आणि नाजूक असतं, पण सॉसला देण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नसतं. ती चव असते डोक्यात, पायांत, कवचाला आतून चिकटून राहिलेल्या चिवट भागात. शिवाय अख्ख्या लॉब्स्टरच्या वजनाचा पाव हिस्सा मांस निघालं तरी खूप झालं. बाकीच्याचेही पैसे तुम्ही मोजलेलेच आहेत. तेव्हा कवचांना पाऊण-एक तास द्या आणि मांसाला अगदी शेवटचं मिनिट. एवढी अदलाबदल केलीत की तुमच्या तिन्ही तक्रारी बहुतेक मिटतील.

खरेदीचं आधी उरकतो. अख्खा घेणार असाल तर जिवंतच घ्या. उचलल्यावर त्याने शेपूट आत वळवली पाहिजे, पाय हलले पाहिजेत. उचलल्यावर शेपूट सैल लोंबत असेल तर सोडून द्या. मेल्यावर त्याच्या डोक्यातल्या पाचक ग्रंथीचा रस मांसात उतरतो आणि मांस भुसभुशीत होऊ लागतं, जिवाणूही झपाट्याने वाढतात. डोक्यापासून वेगळ्या करून गोठवलेल्या शेपट्यांना ही अडचण नसते, म्हणून त्या चालतात. फक्त रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सावकाश वितळू द्या, गरम पाण्याखाली धरू नका. शेपट्याच घेतल्यात तर सॉससाठी कवच कमी पडेल. तेव्हा कोळंबीची डोकी आणि सालं जोडीला घ्या. ही तडजोड नाही, चांगला उपाय आहे.

मोठ्या नांग्यांचा लॉब्स्टर आणि नांग्या नसलेली, लांब जाड मिश्यांची शेवंड हे दोन वेगळे प्राणी आहेत. इटलीत दोन्हींचा पास्ता होतो. नांग्यांमधलं मांस जास्त मऊ असतं. शेवंडांचं जवळजवळ सगळं मांस शेपटीत असतं आणि ते जरा घट्ट असतं, पण मिश्यांच्या बुडाशीही बरंच मांस असतं, ते विसरू नका. सॉसची कृती दोन्हींसाठी एकच.

जिवंत लॉब्स्टर सरळ उकळत्या पाण्यात सोडू नका. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून आधी बेशुद्ध केल्याशिवाय असं करायला कायद्याने बंदी आहे. ब्रिटनमध्येही २०२२च्या प्राणिकल्याण कायद्यात लॉब्स्टर-खेकड्यांना संवेदना असलेले प्राणी म्हणून धरलं आहे. घरी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला की तो सुस्त होतो. मग डोळ्यांच्या थोडं मागे मोठ्या सुरीचं टोक रोवून, पातं पुढे डोळ्यांच्या मधून एका झटक्यात खाली आणायचं. त्यानंतरही पाय हलताना दिसतात, कारण त्याच्या मज्जातंतूंच्या गाठी अंगभर पसरलेल्या असतात. हे जमणार नसेल तर विक्रेत्याकडूनच करून घ्या आणि घरी आल्या आल्या शिजवा.

आता मांस. पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे ते साधारण समुद्राच्या पाण्याइतकं खारट होतं. पाणी खळखळून उकळू द्या. पाचशे-सहाशे ग्रॅमचा लॉब्स्टर असेल तर तीन मिनिटांनी बाहेर काढून शेपूट पिळून वेगळी करा. नांग्या तोडून पुन्हा पाण्यात टाका आणि आणखी तीन मिनिटं ठेवा, कारण त्यांचं कवच जाड असतं. सगळं लगेच बर्फाच्या पाण्यात घाला. शेपूट कापल्यावर मधोमध मांस किंचित काचेसारखं दिसेल. घाबरू नका, आत्ता ते कच्चटच हवं. पुरतं शिजायला त्याला आतून साधारण ६० अंश सेल्सियस पुरतं. त्याच्या फार पुढे गेलं की प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर टाकतात आणि मांस चामट होतं. वीस मिनिटं सॉसमध्ये उकळल्यावर तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

सोलताना खाली एक भांडं ठेवा, गळणारा रस सॉसला लागणार आहे. नांगी बत्त्याच्या एका घावात तडकवा, चेचू नका. बारीक पायांतलं मांस बहुतेक जण सोडून देतात. पाय सांध्यापाशी तोडा, पाटावर आडवा ठेवा आणि निमुळत्या टोकाकडून तोडलेल्या टोकाकडे लाटणं दाबून फिरवा. मांसाची बारीक कांडी अख्खीच्या अख्खी बाहेर येते. शेपटीच्या पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढून टाका. मांसाचे बोटभर जाड तुकडे करा, झाका आणि फ्रिजमध्ये ठेवून तासभर त्याला पूर्ण विसरा.

डोक्यात बघा: डोळ्यांमागे वाळूची छोटी पिशवी असते, ती फेका. कडेचे पिसांसारखे कल्लेही काढा. हिरवा, मऊ लगदा दिसेल ती पाचक ग्रंथी. अनेक जण ती सॉसमध्ये कालवतात आणि चव दाट होते हे खरंच आहे. पण समुद्रातल्या शेवाळाची विषं त्याच ग्रंथीत साठतात आणि शिजवून ती नष्ट होत नाहीत. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही हा भाग खाऊ नका असंच सांगतं. मी तो काढून टाकतो. मादी असेल तर गडद हिरवी-काळी गाभोळीही मिळेल. ती मात्र ठेवा. थोड्या लोण्यात कुस्करून शेवटी सॉसमध्ये घातली की ती लालबुंद होते.

आता मुख्य काम. कवचं कापडाने कोरडी करा आणि बत्त्याने किंवा मोठ्या कात्रीने त्यांचे दोन-तीन इंचांचे तुकडे करा. पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल चांगलं तापवून कवचं त्यात घाला आणि मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं परता. डोक्याचे तुकडे उलथन्याने दाबत राहा. सुरुवातीला समुद्राचा ओलसर वास येतो, मग चर्रचर्र आवाज कोरडा होत जातो, वास भाजलेल्या दाण्यांकडे झुकतो आणि बुडाला तपकिरी थर धरायला लागतो. हा थर आला नाही तर पुढे काहीही घाला, सॉस फिकाच राहणार. म्हणूनच कवचं ओली नकोत आणि पातेल्यात दाटीही नको, नाहीतर ती भाजण्याऐवजी वाफेवर शिजत बसतात.

इथे पाण्याआधी तेल का, तेही सांगतो. लॉब्स्टरच्या कवचात अस्टाझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य असतं. जिवंतपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून कवच निळसर-काळपट दिसतं. उष्णतेने ते प्रथिन मोडतं आणि खरा लाल-केशरी रंग मोकळा होतो. हे रंगद्रव्य स्निग्धात विरघळतं, पाण्यात नाही. वासाचे बरेच घटकही तसेच. नुसत्या पाण्यात कवचं उकळलीत तर करड्या रंगाचं, माशाच्या वासाचं पाणी हाती येतं. तेलात परतलीत तर पुढे रसावर केशरी तवंग येतो. तो तवंग चुकूनही काढून टाकू नका, तुमचे पैसे तिथेच वसूल होतात.

थर धरला की बारीक चिरलेला एक कांदा, अर्धं गाजर आणि सेलरीची एक काडी घाला, आच मध्यम करा. कांदा मऊ झाला की मध्ये जागा करून दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट थेट तेलात परता, तिचा रंग विटकरी होईपर्यंत. मग गॅस बंद करून ६० मिली ब्रँडी घाला. वाटीतून घाला, बाटली कधीही पातेल्यावर धरू नका. पुन्हा गॅस लावून ती आटवा. पेटवून ज्वाळा काढण्याचा तमाशा मला घरी अनावश्यक वाटतो. वर एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर ज्वाळा तिकडे ओढली जाते, आणि चवीत म्हणावा असा फरक पडत नाही. नंतर १५० मिली पांढरी वाइन घालून बुडाचा तपकिरी थर खरवडून घ्या. मद्य नकोच असेल तर वगळा आणि शेवटी लिंबू थोडं जास्त पिळा.

आता साठवलेला रस आणि कवचं जेमतेम बुडतील इतकंच पाणी, साधारण एक लिटर. मीठ नको, हे पुढे आटणार आहे. एक तमालपत्र, चार-पाच मिरे. मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं फक्त बुडबुडे येत राहू द्या. जास्त उकळलं म्हणजे जास्त चव, असा हिशेब इथे चालत नाही. पाऊण तासाच्या पुढे रसाला खडूसारखी कडवट छटा यायला लागते. गाळताना कवचं गाळणीत जोर लावून दाबा, शेवटचे दोन-चार चमचे सगळ्यात दाट असतात. मग गाळलेला रस एकटाच मोठ्या आचेवर आटवा, साधारण ३०० मिली उरेपर्यंत. आटवायचा तो कवचांशिवाय, हे महत्त्वाचं. चमच्यावर घेऊन चाखा: चव गरजेपेक्षा तीव्र वाटली पाहिजे, कारण ती चार जणांच्या पास्त्यात वाटली जाणार आहे. हा रस आदल्या दिवशीही करून ठेवता येतो, आणि पाहुणे येणार असतील तर तसाच करा.

बाकीचं काम पंधरा मिनिटांचं. चार जणांना ३५० ग्रॅम लिंग्विने किंवा स्पगेटी घ्या. सुकवलेला, ड्युरम गव्हाचा, बाहेरून खडबडीत आणि पिठूळ दिसणारा पास्ता घ्या. गुळगुळीत चकचकीत पास्त्यावरून सॉस घसरतो. नेहमी लिटरमागे १० ग्रॅम मीठ घालतात, इथे सात-आठ पुरे, कारण सॉस आटवलेला आहे. पाणीही नेहमीपेक्षा थोडं कमी घ्या, म्हणजे त्यात स्टार्च दाट उतरतो.

तो उकळत असताना मोठ्या पसरट पॅनमध्ये दोन चमचे तेल, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि चिमूटभर सुकी मिरची मंद आचेवर ठेवा. लसूण सोनेरी झाली की काढून टाका. दोनशे ग्रॅम चेरी टोमॅटो अर्धे करून घाला, चार-पाच मिनिटांत ते खचतात. टोमॅटो इतकाच, याहून वाढवलात की पुन्हा तुमची मूळ तक्रार परत येईल. आता आटवलेला रस घाला.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता चिमट्याने उचलून थेट पॅनमध्ये घ्या, चाळणीत निथळू नका. पळीभर पास्त्याचं पाणी घालून मोठ्या आचेवर सतत हलवा. उरलेली दोन मिनिटं तो या रसात शिजतो आणि रस आत ओढून घेतो. बाहेर पडणाऱ्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं. ताटात पाणी सुटण्याचं कारण इथेच आहे: वरून ओतलेल्या सॉसला पास्त्याशी मिळून यायला वेळच मिळत नाही. पॅन तिरका करून बघा. सॉस सैल पण चकचकीत दिसला आणि पास्त्याला धरून सरकला तर झालं; पाणी वेगळं वाहत असेल तर अर्धा मिनिट आणखी; चिकट झाला तर पास्त्याचं पाणी दोन चमचे.

गॅस बंद करा. आता २० ग्रॅम थंड लोणी आणि लॉब्स्टरचे तुकडे घाला, गाभोळी असेल तर तीही. मिनिटभर हलक्या हाताने वर-खाली करा. पॅनच्या उष्णतेनेच काचेसारखा मधला भाग पांढरा होतो. चिरलेली पार्सली, किसलेली लिंबाची साल, आणि चव बघून मगच मीठ.

क्रीम आणि चीजचं तुम्ही विचारलंच आहे. क्रीम घातलं तर चूक नाही, फ्रेंच पद्धतीच्या बिस्कमध्ये, म्हणजे कवचांच्या दाट सूपमध्ये, ते असतंच. पण दोन-तीन चमच्यांच्या पुढे गेलात की कवचांवर घातलेला तासभर झाकला जातो. चीज मात्र मी घालणार नाही. इटलीत समुद्री पदार्थांच्या पास्त्यावर सहसा ते घालत नाहीत, आणि इथे ते पटतं, कारण पार्मेझानची खारट चव लॉब्स्टरचा गोडवा खाऊन टाकते. वरून काही कुरकुरीत हवंच असेल तर पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात भाजून भुरभुरा.

पाहुण्यांना आधी एक गोष्ट विचारून घ्या: कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी कुणाला आहे का. ॲलर्जी आणणारं प्रथिन शिजवूनही टिकतं आणि ते रसातही उतरू शकतं. त्यामुळे एखाद्याच्या ताटात मांसाचे तुकडे न वाढता नुसता सॉस वाढणं हा उपाय नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चिमट्याने दुसरा पास्ता करा.

गाळलेला रस फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलात तर हवे तितके खडे काढून रिसोतोत (इटालियन मऊ भातात) वापरता येतात. तयार पास्ता उरला तर त्यातलं मांस वेचून वेगळं ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थंडच खा, पुन्हा गरम केलंत की ते चामट होणार. पास्ता एकटा पॅनमध्ये थोड्या पाण्यावर गरम करा.