टाइम स्लिपच्या (म्हणजे अचानक जुन्या काळात जाऊन पोचल्याच्या) गोष्टी वाचायला घेतोयस ना, मग आधी व्हर्सायची घे

अरे भुताटकीच्या किल्ल्यांचे व्हिडिओ बघत बसू नकोस सुरुवातीला, सगळे एकमेकांचं उचलतात. एकच केस धर आणि नीट वाच. १० ऑगस्ट १९०१ ला शार्लट मोबर्ली आणि एलिनॉर जर्डेन या दोन इंग्लिश शिक्षिका फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेत पेटी त्रियानों या छोट्या महालाकडे जाताना वाट चुकल्या, तिथे त्यांना जुन्या काळच्या कपड्यातली माणसं दिसली, अचानक उदास वाटायला लागलं, आणि मोबर्लीबाईंना गवतावर बसून चित्र काढणारी एक बाई दिसली, जी त्यांना पुढे अठराव्या शतकातली फ्रेंच राणी मारी आंत्वानेत वाटली. मजा म्हणजे ती बाई जर्डेनना दिसलीच नाही! माझ्या मते अख्ख्या केसमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

आता तू काय करायचं, तर तारखा लिहून काढायच्या. दोघी आठवडाभर त्यावर बोलल्याच नाहीत, वेगवेगळ्या नोंदी केल्या नोव्हेंबरात, आणि टोपणनावाने पुस्तक आलं थेट १९११ ला. मधल्या वर्षांत त्यांनी जुने नकाशे, कागदपत्रं भरपूर चाळली, म्हणजे आठवण कुठली आणि वाचलेलं कुठलं हे वेगळं करणं अवघडच. उलट बाजूही वाच, त्या काळी तिथे हौशी लोक जुन्या पोशाखात पार्ट्या करायचे असंही एक स्पष्टीकरण आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण सोडून देण्यासारखंही नाहीये.

हे झालं की स्कॉटलंडचा ग्लॅमिस किल्ला घे, तिथल्या गुप्त खोलीची दंतकथा जबरदस्त आहे.