‘ड्वेल’ : आधी रस्ता चुकणे, मग राहणे

‘ड्वेल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात ‘राहणे, वास्तव्य करणे’ असा दिलेला असताना ‘ड्वेल ऑन’ म्हणजे एखादी गोष्ट मनात घोळवत बसणे कसे होते, आणि हे दोन वेगळे शब्द तर नाहीत ना, असे आपण विचारले आहे. शब्द एकच आहे. गोंधळ होतो तो ‘राहणे’ हा अर्थ मूळचा धरल्यामुळे. प्रत्यक्षात ‘रेंगाळणे’ हा अर्थ आधीचा आणि घराचा अर्थ नंतरचा आहे.

त्याहीमागे गेले तर आणखी नवल वाटते. जुन्या इंग्रजीत ‘ड्वेल्लान’ म्हणजे दिशाभूल करणे, चुकीच्या वाटेला लावणे किंवा स्वतः भरकटणे. डच भाषेतल्या ‘ड्वालन’ या सख्ख्या शब्दाचा अर्थ आजही वाट चुकून भटकणे असाच आहे. चकवा लागलेला माणूस डोळ्यांसमोर आणावा: तो वाट चुकतो, म्हणून त्याला उशीर होतो, उशीर झाला म्हणून तो आहे तिथेच थांबतो, आणि थांबता थांबता तिथलाच होऊन जातो. शब्दाचा अर्थ साधारण याच पायऱ्यांनी सरकत गेला. त्याला उत्तरेकडूनही हातभार लागला असावा, कारण नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत ‘द्वेल्या’ म्हणजे खोळंबणे, थांबून राहणे असे होते. तेराव्या शतकात इंग्रजीत ‘कायमचे घर करून राहणे’ हा अर्थ रुळला आणि दिशाभुलीचा अर्थ हळूहळू मागे पडला.

रेंगाळण्याचा अर्थ मात्र कधीच गेला नाही. आगगाडी स्थानकात जितका वेळ उभी असते, त्याला इंग्रजीत ‘ड्वेल टाइम’ म्हणतात. तिथे घराचा काही संबंध नाही, फक्त थांबणे आहे. ‘ड्वेल ऑन’मध्ये मन असेच एका विषयावर थांबते आणि पुढे सरकत नाही. म्हणून ‘ऑन’ लागताच अर्थ बदलतो असे शिकवण्यापेक्षा, ‘ऑन’ लागल्यावर जुना अर्थ उघडा पडतो असे सांगणे मला अधिक योग्य वाटते.

‘राहणे’ या अर्थाची इतर इंग्रजी क्रियापदे वेगळ्या घराण्यांतून आली आहेत. ‘इनहॅबिट’ लॅटिनमधून आले असून त्याच्या मुळाशी ‘जवळ असणे, धरणे’ या अर्थाचा धातू आहे. त्याला थेट कर्म लागते, तर ‘ड्वेल’ला ‘इन’ किंवा ‘ॲट’ लागते. ‘रिसाइड’च्या पोटात लॅटिनचे ‘बसणे’ आहे, आणि तोच मूळ धातू संस्कृतात ‘सद्’ म्हणून आहे, ज्यावरून आपले ‘सदन’ आले. आपल्या ‘वास’, ‘निवास’, ‘वस्ती’ या शब्दांतल्या ‘वस्’ धातूचा इंग्रजीतला भाऊबंद तर ‘वॉझ’ हे साधे भूतकाळी रूप आहे. ‘ड्वेल’चे यांच्यापैकी कोणाशीही नाते नाही.

आज रोजच्या बोलण्यात घरासाठी ‘लिव्ह’च वापरावे. राहण्याच्या अर्थाने ‘ड्वेल’ आता ग्रंथांत, काव्यात आणि ‘ड्वेलिंग’ या नामाच्या रूपाने कायद्याच्या भाषेत उरले आहे. १६११च्या इंग्रजी बायबलमधील तेविसावे स्तोत्र ‘परमेश्वराच्या घरात मी सदैव राहीन’ अशा अर्थाच्या ओळीने संपते, तिथे हेच क्रियापद आहे, आणि त्याचे आजचे गांभीर्य अशा वापरातूनच आले असावे असे मला वाटते. भूतकाळात ‘ड्वेल्ट’ आणि ‘ड्वेल्ड’ दोन्ही चालतात.

भाषांतर करताना मराठी आपल्या मदतीला येते, कारण ‘राहणे’ हेही दोन्हीकडे चालते: माणूस घरात राहतो, काम राहून जाते, आणि बोलायचेही राहते. म्हणून ‘डोन्ट ड्वेल ऑन इट’ला ‘त्यातच अडकून राहू नकोस’ म्हटले, तर अर्थ पुरा उतरतो आणि क्रियापदही जवळजवळ तेच राहते.