कंसातली सर्दी

चार पानी पत्र लिहिलंस, त्यातली साडेतीन पानं नवऱ्यावर. तू दहा वर्षांची असताना पाच वर्षांचा भाऊ ब्लड कॅन्सरने गेला, आणि पहिली नोकरी लागल्यापासून तू कॅन्सर झालेल्या मुलांच्या संस्थेला दर महिन्याला पैसे देतेस, पगार झाला की आधी तेच, भाऊ गेला त्या महिन्यात दुप्पट. नवऱ्याने एवढंच विचारलं की "हे अजून किती वर्षं?", तर तू पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाहीस, आणि आता मला विचारतेस की असल्या कोरड्या माणसाबरोबर राहायचं कसं.

त्याचं नंतर बघू. खरं तर त्याचं काही बघायचंच नाहीये, साधा प्रश्न होता. मी अडकलेय तिसऱ्या पानावर, जिथे तू लिहिलंस, 'शेवटचा ताप आला त्याच्या आदल्या रात्री मी त्याच्याजवळ झोपले होते (मला तेव्हा सर्दी होती).' चार शब्द, तेही कंसात, आणि पुढच्या ओळीला परत नवरा सुरू.

आणि पुढे सहज लिहून गेलीस की मुलाचं नाक वाहायला लागलं तरी तू त्याला धाकटीपासून वेगळं झोपवतेस आणि नवऱ्याला ते अती वाटतं. मलाही अतीच वाटतं. सात वर्षांचा आहे तो, आपण शिंकलो की आईचा चेहरा बदलतो हे त्याला कळत नसेल का?

दंड भरतेयस बाई तू, दर महिन्याला. म्हणून तर 'किती वर्षं' एवढं झोंबलं, त्याने नकळत दंडाची मुदत विचारली ना.

आता ऐक. केमोमध्ये काउंट पडतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात, तेव्हा साधा ताप पण इमर्जन्सी असतो. आणि त्या तापाचे जंतू पुष्कळदा बाहेरून आलेलेच नसतात, त्याच मुलाच्या आतड्यातले, तोंडातले, कातडीवरचे असतात, एरवी निमूट असतात, औषधांनी आतलं अस्तर सोलवटलं की रक्तात शिरतात. काचेच्या पेटीत ठेवला असता तरी ताप येऊ शकला असता. तुझ्या सर्दीने काहीच झालं नाही असं मी छातीठोक सांगणार नाही, इतक्या वर्षांनी ते कुणालाच सांगता येणार नाही. पण जवळ झोपू नकोस हे दहा वर्षांच्या पोरीला कुणी सांगितलं होतं का? मोठी माणसं हॉस्पिटलच्या धावपळीत, भावंडं आपली कोपऱ्यात. कॅन्सर झालेल्या मुलांना मानसिक आधार कसा द्यायचा याचे निकष २०१५ मध्ये आले, त्यात भावंडांचाही विचार आहे, पण तुला त्याचा काय उपयोग.

पैसे मात्र बंद करू नकोस हं. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, बऱ्याच गरीब देशांत ३० टक्केही नाही, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे अर्ध्यावर सोडलेले उपचार. ब्लड कॅन्सरचे उपचार पुष्कळदा दोन-तीन वर्षं चालतात, राहायची सोय नसते, काम बुडतं, पोर जरा हसायला-खेळायला लागलं की लोक घरी निघून जातात. तुझ्या पैशांनी कुणी शेवटच्या डोसपर्यंत टिकत असेल तर टिकू दे.

तू आईकडे जा. एकटी जा, फोन नको. ते वाक्य कंस काढून तिला सांग. तिला त्रास होईल वगैरे मला कळवू नकोस, अख्ख्या पत्रात ती एकदाच आलीय, 'आईशी आम्ही तो विषय काढत नाही.' अगं, तिच्याकडे पण असाच एखादा कंस असेल. अंगावरचे निळे डाग 'पडला असेल कुठेतरी' म्हणून सोडून दिले असतील, रेंगाळलेल्या तापावर घरचंच औषध दिलं असेल. हा आजार सुरुवातीला असाच दिसतो, भल्याभल्यांना लगेच ओळखू येत नाही. पण हे तिला कुणी सांगितलंय का? तू इकडे दंड भरतेस, ती तिकडे काय भरत असेल कोण जाणे.

परत आलीस की त्या रात्री मुलाला धाकटीशेजारीच झोपू दे, नाक वाहत असलं तरी. नवऱ्याशी काय बोलायचं ते सुचेल तेव्हा सुचेल, तोवर निदान महिन्याला किती देतेस तो आकडा तरी त्याला सांग. मलाही तू तो लिहिला नाहीयेस.