खानदेशात ओसाड पडलेलं जुनं शहर आणि तिथलं कबरस्तान पाहायचंय, एका दिवसात कुठे जाऊ?

थाळनेरला जा. शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर. गाव नांदतं आहे, ओस पडली ती राजधानी.

माझं आजोळ तापीकाठचं. लहानपणी थाळनेरच्या कबरींवरचे घुमट आम्हाला लपाछपीची जागा वाटायचे. तिथे कोण निजलंय ते फार उशिरा कळलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगतो. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने हा मुलूख मलिक राजा फारूकीला दिला आणि त्याने थाळनेरला ठाणं केलं. १३९९ मध्ये तो वारला, इथेच त्याची कबर. मुलगा नासिरखानाने अशीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं, कारभार हळूहळू तिकडे सरकला. पण १४३७ मध्ये नासिरखान गेला तेव्हा त्याला पुरलं थाळनेरलाच, बापाजवळ. पुढच्या दोन राजांनाही इथेच आणलं. नवं शहर कितीही देखणं असलं तरी मातीसाठी घरीच यायचं, हे आपल्याकडच्या कुणालाही समजेल.

घुमटांत एक अष्टकोनी आहे, त्याच्या दगडावरचं कोरीवकाम सावकाश पाहा. एक तास त्यालाच द्या. सकाळचं तिरपं ऊन असेल तर नक्षी उठून दिसते.

मग किल्ल्याच्या टेकाडावर चढा. तापीने एक बाजू खात आणली आहे. २७ फेब्रुवारी १८१८ ला इथे इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने तोफा लावल्या. मंदसोरच्या तहात होळकरांनी किल्ला इंग्रजांना देऊन टाकला होता, तरी किल्लेदार तुळशीराम लढला. शेवटी दरवाजात बोलणी चालू असताना एकमेकांची भाषा कळेना, झटापट झाली, दोन गोरे अधिकारी पडले. मग आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली आणि शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी दिलं. त्यावर खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न उठले. राजांवर घुमट आहेत, या माणसांच्या नावाचा साधा दगडही मला तिथे दिसला नाही. तिथे उभं राहिलो की दर वेळी हेच सलतं.

थंडीत जा, उन्हाळ्यात दहानंतर टेकाडावर थांबवत नाही. शिरपूरहून एस.टी. किंवा काळी-पिवळी मिळते. घुमटांत चप्पल काढून जा, कबरींवर बसून फोटो नकोत. भिंतींवर नावं कोरलेली दिसतील. सोबत मुलं असतील तर त्यांना ती दाखवा आणि असं का करू नये तेही तिथेच सांगा.