जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा गंज काढताना वेल्डिंग शिकता येईल का?

तुमच्या जुन्या गाडीच्या फ्लोअरला भोके पडली आहेत, चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, गंजाचे पापुद्रे धरले आहेत आणि तुम्ही आजवर वेल्डिंग मशीन हातात धरलेले नाही. अशा स्थितीत हे काम त्याच गाडीवर शिकावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी अशाच एका गाडीवर शिकलो, म्हणून शिकता येते असे खात्रीने सांगतो. मात्र आधी भंगार पत्रा, मग फ्लोअर आणि सर्वांत शेवटी चॅसी, हा क्रम मोडू नका.

वेल्डिंगपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आहे तो चांगला पत्रा नेमका कुठे सुरू होतो हा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कुजलेला भाग बाहेरून जाड आणि भरीव दिसतो, पण आत धातू जेमतेम उरलेला असतो. लहान हातोडीने ठोकून पाहा: धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. पेचकसाचे टोक दाबून जिथे आत जाते, तिथला पत्रा संपला आहे असे समजा. मी पहिले ठिगळ लावले तेव्हा भोकाभोवतीचा फक्त सुटा गंज घासला आणि जी कड शिल्लक राहिली तिलाच वेल्ड करू लागलो. दर टाक्याला, म्हणजे वेल्डच्या दर छोट्या ठिपक्याला, भोक वाढत गेले आणि मी कित्येक दिवस मशीनचे व्होल्टेज बदलत बसलो. दोष मशीनचा नव्हता. कडेचा पत्रा मूळ जाडीच्या निम्म्याहून कमी उरला होता आणि तेवढ्या धातूला आर्कची, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीची, उष्णता सोसवत नाही. तेव्हापासून मी पूर्ण जाडीचा, दोन्ही बाजूंनी चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापतो. भोक तळहाताएवढे वाटत असेल, तर कापल्यावर ते बहुधा त्याच्या दुप्पट होईल. त्याने खचून जाऊ नका.

बॉडीचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीचा असतो. त्यासाठी मिग मशीन (वायूच्या आवरणात तार आपोआप पुढे सरकवत वेल्ड करणारे), 0.6 मिलिमीटरची तार आणि आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण हा नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग आहे. रॉडच्या वेल्डिंगने इतका पातळ पत्रा सांभाळणे मुरलेल्या हातालाही अवघड जाते. त्याच जाडीच्या भंगार पत्र्याच्या पट्ट्या कापून कडेला कड जोडा आणि जोड उलट बाजूने पाहा. वितळलेली रेघ मागे उमटली नसेल, तर धातू नुसता वर बसला आहे. मग ती पट्टी व्हाइसमध्ये धरून जोडावर वाकवा. जोड सुटला तर पुन्हा करा, आणि पत्रा वाकूनही जोड टिकू लागेपर्यंत गाडीला हात लावू नका. या सरावात कान तयार होतो: मशीन नीट लागले की तडतड सलग आणि एकसारखी येते, बिघडले की ती तुटक होते.

पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली की तो तापून वेडावाकडा होतो आणि ती वळी काढणे वेल्डिंगपेक्षा कठीण असते. म्हणून ठिगळाचे कोपरे गोल कापा, सुमारे 25 ते 30 मिलिमीटरवर एकेक टाका घाला, पुढचा टाका नेहमी दूरच्या बाजूला घाला आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवल्याशिवाय मधल्या जागा भरू नका.

तुमची गाडी जुनी लँड रोव्हर असेल, तर तिच्या बॉडीचे बहुतेक पत्रे अॅल्युमिनियमचे असतात. पोलादाला टेकलेल्या जागी अॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते, आणि त्याला वर सांगितलेली पद्धत लागू पडत नाही.

चॅसीचा पत्रा जाड असल्याने भोक पडण्याची भीती कमी, पण वरून देखणा आणि आतून न धरलेला जोड होण्याची भीती फार मोठी, आणि त्या जोडावर माणसांचे जीव असतात. कापण्याआधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा, आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. कुजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा चढवू नका. दोहोंच्या मध्ये पाणी साचते आणि कूज चालूच राहते. माझ्या चॅसीचे जोड मी अनुभवी वेल्डरकडून तपासून घेतले, त्याने दोन जोड पुन्हा करायला लावले आणि मी ते केले. तुम्हीही तपासून घ्या, हा माझा आग्रह आहे.

सुरुवात करण्यापूर्वी बॅटरी सोडा आणि इंधनाची टाकी व नळ्या कामाच्या जागेपासून दूर न्या. रिकामी टाकी तर आतल्या वाफेमुळे अधिक धोकादायक असते. पत्र्याच्या पलीकडचे कार्पेट आणि खालचा डांबरी लेप खरवडून काढा. जस्ताचा मुलामा तापला की त्याच्या धुराने ताप येतो, तर क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा अंश आर्कखाली आला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून असा क्लीनर या कामात वापरूच नका. शेवटच्या टाक्यानंतर किमान एक तास गाडीजवळ थांबा.

वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळालेला असतो आणि नवा गंज तिथूनच धरतो. सांध्यावर जस्तयुक्त प्रायमर आणि सीलर लावा, पोकळ भागांत लांब नळीने मेण फवारा, आणि पाणी निचरायची मूळ छिद्रे मेणाने बुजली नाहीत ना, हे तार घालून पाहा.